सावळारामचा डोळा आणि मंडळाचा ठराव

राहनाळच्या सावळाराम तरेनं माझा चेहरा किती वेळा रंगवला याचा हिशेब लागणार नाही. मिशा फुटायच्या वयात मी नायिका झालो आणि दात पडायच्या वयात नायिकेचा आजोबा. दोन्ही वेळा आरशात माझ्याऐवजी जो कोणी बसलेला दिसला, तो सावळारामनं घडवलेला होता. त्याची पत्र्याची पेटी उघडली की सफेदा, पिवळी पिवडी आणि दाढीमिशा चिकटवायचा स्पिरिट गम यांचा मिळून एक वास सुटायचा. तो वास नाकात गेला की पाठ आपोआप ताठ व्हायची आणि आवाज नाभीतून यायला लागायचा. आजही एखाद्या सुताराच्या दुकानावरून जाताना तसला वास आला तर मी जरा थांबतो. लोकांना वाटतं म्हाताऱ्याला दम लागला.

तरुणपणी सावळाराम धामणकर नाक्याजवळच्या एका यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होता. बिघडलेले लूम दुरुस्त करायचे आणि रात्री जत्रेत कुणाला भीम, कुणाला द्रौपदी करायचं, असा त्याचा दुहेरी संसार. एके दिवशी लूममधून धोटा उडाला तो थेट याच्या डाव्या डोळ्यावर. तेव्हापासून त्या डोळ्याला दिवस आहे की रात्र एवढंच कळतं. मालकानं पंधरा दिवसांचा पगार दिला आणि वर नारळ दिला. मग सावळारामनं पेटीच पूर्णवेळ उचलली. शाळांची संमेलनं, गणपतीपुढचे देखावे, हळदीच्या नवऱ्या, आणि आमच्या श्री गावदेवी हौशी नाट्य मंडळाचे सगळे प्रयोग.

त्याला एक शब्द बोलता येत नसे. तो शब्द म्हणजे ‘नाही’. आगरी बोलीत त्याला ‘न्हाय’ म्हणतात, तोही येत नसे. रंगपटात कुणी म्हणायचं, मला जरा गोरा कर. “व्हईल.” माझं नाक सरळ दिसलं पाहिजे. “व्हईल.” हनुवटीखालचं हे लोंबतंय ते जाईल का? “जाईल की.” एका पौराणिक नाटकात एकच दाढी शिल्लक असताना त्यानं ती दोन ऋषींना कबूल केली. दोघंही खुर्चीत बसल्यावर त्यानं कात्री काढली आणि दाढी मधोमध कापली. त्या वर्षी आमच्या आश्रमात खुरट्या दाढीचे दोन ऋषी होते. प्रेक्षकांना वाटलं, नुकतेच तपाला बसलेत.

माझं निरीक्षण असं की समोरच्याचा चेहरा बघितला की सावळाराम विरघळायचा. चेहऱ्यावर आशा दिसली की ती मोडायला त्याचा हात उचलत नसे. या गुणाचा सगळ्यात मोठा लाभार्थी म्हणजे आमचे हिरामण शेठ. राहनाळला जिथं त्यांच्या वडिलांचं भात पिकायचं तिथं आता त्यांची गोदामं उभी आहेत, आणि त्यात मुंबईच्या कंपन्यांची बिस्किटं आणि टीव्ही झोपलेले असतात. भाडं महिन्याच्या महिन्याला येतं. शेठ आमच्या मंडळाचे अध्यक्ष, आश्रयदाते आणि कायमचे राजपुत्र. साठी उलटून गेली तरी राजपुत्राचं वय पंचवीसच राहिलं. मधलं अंतर सावळाराम सफेद्यानं बुजवायचा.

त्याच्या उरलेल्या उजव्या डोळ्यातलं भोक कसं उघडकीला आलं ते सांगतो. दोन हजार नऊचा जानेवारी. पडघ्याला प्रयोग होता. हायवेच्या कडेला मांडव, पलीकडं ट्रकांची रांग. सावळारामनं शेठना मिशी काढली. त्याची मिशी म्हणजे एका दमात काढलेली रेघ, पुन्हा हात लावायची गरज नाही. त्या दिवशी ती डाव्या गालावरून निघाली ती बरोबर निघाली, नाकाखाली आल्यावर वाट चुकली, उजव्या नाकपुडीत शिरू की नको असा विचार करत वर चढली आणि पलीकडं गालावर भलतीकडंच उतरली. घंटा झालेली. आरसा दुसऱ्याच्या हातात. शेठ तसेच रंगमंचावर गेले आणि राणीच्या मृत्यूचा प्रवेश केला. इतकी हसलेली मेलेली राणी मी आयुष्यात पाहिली नाही.

प्रयोगानंतर शेठ रंगपटात आले तेव्हा सावळाराम पेटीवर बसला होता.

“सावल्या, हे काय केलंस?”

“शेठ, नाक दिसायचं बंद झालंय.”

“कुनाचं?”

“सगल्यांचं. ज्याच्याकडं बगतो त्याचं नाक जातं. कान दिसतात, टोपी दिसते. मधे धूर.”

“कधीपासून?”

“दिवाली धरून.”

दिवाळीपासून हा गडी अंदाजानं आमची तोंडं रंगवत होता, कारण कुणाला नाही म्हणणार? मला एकदम आठवलं की मधल्या एका प्रयोगात माझ्या आजोबाला तीन भुवया होत्या. मी ते दिग्दर्शकाचं नवं काहीतरी समजून चाललो होतो.

त्याच्या बायकोनं, राहीबाईनं, त्याला आणि सोबतीला मला ठाण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी यंत्रासमोर हनुवटी ठेवायला सांगितली आणि नंतर सगळं समजावून सांगितलं. डोळ्याच्या आत, मागच्या भिंतीला जो पडदा असतो, त्याच्या अगदी मधोमध एक जागा असते. तिच्यानंच माणूस चेहरा बघतो, अक्षर वाचतो, सुईत दोरा ओवतो. नेमकं तिथं भोक पडलंय, आणि ते मोठं आहे. लहान असतं तर बुजण्याची खात्री जास्त देता आली असती. इतक्या मोठ्याचं सांगायचं तर निम्म्याहून जास्त लोकांचं बुजतं, पण सगळ्यांचं नाही. पद्धत अशी की डोळ्यातला जेलीसारखा भाग काढायचा, भोकाभोवतीचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पापुद्रा चिमट्यानं सोलायचा म्हणजे कडा सैल होतात, आणि मग डोळ्यात गॅसचा फुगा भरायचा. फुगा नेहमी वर जातो. म्हणून माणसानं मान खाली घालायची, म्हणजे वर येते ती डोळ्याची मागची भिंत, आणि फुगा भोकावर दाबून बसतो. दहा दिवस. जेवताना, झोपताना, बोलताना तोंड जमिनीकडं.

“तोंड वर केलं तर?” राहीबाईनं विचारलं.

“फुगा सरकला. भोक उघडंच राहिलं.”

डॉक्टरांनी शेवटी असंही सांगितलं की परदेशात कुणीतरी पापुद्रा पूर्ण न काढता तोच उलटा करून भोकावर झाकण घालून बघतंय असं कानावर आलंय, पण त्यांनी स्वतः केलेलं नाही, आणि जे केलेलं नाही ते ते याच्या एकुलत्या डोळ्यावर शिकणार नाहीत. मला हा डॉक्टर तिथंच आवडला. सावळारामलाही आवडला. त्यानं गुरुवारची तारीख घेतली.

हिरामण शेठच्या ओळखीचे दुसरे डॉक्टर कल्याणला होते. त्यांची पद्धत आतून तशीच, फक्त गॅसऐवजी सिलिकॉनचं तेल. दहा दिवस मान खाली घालायची सक्ती नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस उठून बसतो. पण तेल आपोआप विरत नाही, ते काढायला पुन्हा एक ऑपरेशन. सावळारामला हेही डॉक्टर फार सज्जन वाटले. त्यानं त्यांच्याकडंही गुरुवारची तारीख घेतली.

“एकाच दिवशी दोघांना कशाला हो म्हटलंस?” मी विचारलं.

“नाना, दोघंबी इतक्या आपुलकीनं बोलले.”

आता आमच्या मंडळाची एक रीत आहे. कोणतीही गोष्ट वाचनाशिवाय आणि हात वर केल्याशिवाय ठरत नाही. नाटक निवडायचं तर दोन संहिता वाचायच्या, चहा घ्यायचा, हात मोजायचे. पडदा निळा की तांबडा, हात मोजायचे. त्यामुळं सावळारामच्या डोळ्याचा प्रश्न निघाल्यावर शेठनी साहजिकच वाचन ठेवलं. त्यांच्या एका रिकाम्या गोदामात सतरंज्या पडल्या. शेठचा मुलगा कुणाल इंजिनियर झालेला, त्यानं इंटरनेटवरून दोन्ही पद्धतींची माहिती छापून आणली आणि तिचं मराठी करून दिलं. गॅसचं वाचन माझ्याकडं आलं, तेलाचं कुणालकडं.

खोटं कशाला बोला, मी चांगलं वाचलं. फुगा वर चढतो त्या ठिकाणी आवाज चढवला, पापुद्रा सोलतात तिथं कुजबुजलो. दोघांनी वाहवा दिली. कुणालचं वाचन सपाट झालं, पण त्याच्या संहितेत मध्यंतर होतं, पहिलं ऑपरेशन आणि दुसरं ऑपरेशन, आणि आमच्या लोकांना मध्यंतर आवडतं. मग चर्चा सुरू झाली.

खलनायकाची कामं करणारा मोरू धामणकर नाक्यावर शेअर रिक्षा चालवतो. तो पहिला उठला. “गॅसचं मला सांगू नका. माझी रिक्षा गॅसवर केल्यापासून चढाला ओढत नाही. पुलावर पाशिंजर उतरून चालतात.”

आमचे तबलजी अजीजभाई धंद्यानं रफूगर. त्यांनी चष्मा पुसला. “देखो, कपडे में होल बडा हो ना, तो पहले किनारा ढीला करना पडता है. तेल लगाके रफू होता है क्या कभी? दाग रह जाता है.”

“अजीजभाई, हा डोला हाय, साडी न्हाय,” शेठ म्हणाले.

“तो मोरू की रिक्षा भी नहीं है.”

मग शेठ स्वतः उभे राहिले. अध्यक्ष उभे राहिले की आम्ही चहाचे कप खाली ठेवतो. “मी गोदामवाला मानूस हाय. मना एवढंच समजतं की जागेत माल भरलेला बरा. हवेवर कोन भरवसा ठेवतो? तेल भरलं की भरलं. दुसरी गोष्ट.” इथं त्यांनी थांबा घेतला. थांबा मीच शिकवलेला. “जत्रा किती दिवसांवर आली ते सगल्यांना ठावं हाय. गॅस घातला तर हा जत्रेच्या दिवशी जमिनीकडं तोंड करून झोपलेला असंल. तेल घातलं तर रंगपटात बसलेला असंल. आता ठरवा.”

मुद्दा कळला तसे हात वर गेले. तेलाचे हात इतके होते की मोजायची गरज पडली नाही. गॅसच्या बाजूनं अजीजभाई आणि मी. माझा हात मीच वाचलेल्या संहितेसाठी वर गेला होता, डोळ्याचा विचार मीही फारसा केलेला नव्हता, हे इथं लिहून टाकतो. मग कुणाला तरी आठवलं की सावळारामलाही विचारावं.

“तुझं काय म्हननं?”

सावळाराम सतरंजीच्या टोकाला बसला होता. त्यानं आमच्या सगळ्यांच्या कानांकडं आळीपाळीनं पाहिलं, कारण तेवढंच त्याला दिसत होतं. “तुमी सगले म्हनता तर तेल.”

राहीबाई त्याला जेवायला बोलवायला आली होती ती दारातच थांबून ऐकत होती. ती म्हणाली, “हात वर झालं असतील तर खाली करा. रिकाम्या हातांना घरी भांडी पडलीत.” आणि नवऱ्याला उठवून घेऊन गेली.

ठराव मंजूर झाला म्हणून मीच त्या दोघांना घेऊन कल्याणला गेलो. डॉक्टरांनी तारीख पक्की करायला पेन उचललं तेव्हा राहीबाईनं विचारलं, “डाक्टर, तेल घातल्यावर जत्रेला हा तोंडं रंगवील ना? त्यासाठीच ठरलंय.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “रंगवेल? तेल आत असेपर्यंत धूसरच दिसणार. दोन-तीन महिन्यांनी तेल काढू, नंतर किती दिसतंय ते कळेल.”

“म्हंजी हा रंगपटात बसंल, पन याला दिसनार न्हाय.”

“बसेल. दिसणार नाही.”

मी कल्याणच्या त्या खुर्चीत जरा खाली सरकलो. दोन संहिता वाचल्या, चहा झाला, हात झाले, अध्यक्षांचं भाषण झालं, आणि ऑपरेशननंतर माणसाला दिसेल का, हे विचारायचं एवढ्या मोठ्या गोदामात एकालाही सुचलं नव्हतं.

डॉक्टर खरंच सज्जन होते. त्यांनी सरळ सांगितलं की अशा मोठ्या भोकाला गॅस बरा की तेल बरं यावर डॉक्टर लोकही भांडतात, पण ज्याला मान खाली घालून पडणं शक्य आहे त्याला ते गॅसच सुचवतील. तेल ते म्हाताऱ्यांना देतात, पाठ धरलेल्यांना देतात, ज्यांना एका जागी दम निघत नाही त्यांना देतात. “यांना जमेल का दहा दिवस मान खाली घालणं?”

“जलमभर तेच केलंय यानं,” राहीबाई म्हणाली.

परतीच्या रिक्षात सावळाराम माझ्या टोपीकडं बघत बसला होता. मग म्हणाला, “नाना, मी तोंडावर पोट भरलं. लोकांच्या. आता तू बोलतोस तवा आवाज येतो, पन आवाज येतो तिथं कायच नसतं. टोपी आनि खांदे. आसं वाटतं का रंगपटात सगल्यांनी तोंडं उतरवून खुंटीला टांगली.” उजव्या डोळ्यावर बोट ठेवून म्हणाला, “हा पन गेला तर मंग माज्याकडं काय उरलं?”

“मग गॅस?”

“गॅस. पन शेठना तू सांग.”

मी सांगणार होतो. खरंच. पण शेठचा चेहरा समोर आला की माझ्याही जिभेचं काही खरं नसतं, आणि दोन दिवस जत्रेची तालीम होती. ऑपरेशन ठाण्याला गुरुवारी झालं. शेठना शुक्रवारी कळलं, ते मोरूच्या रिक्षातल्या एका पाशिंजरकडून.

राहीबाईनं पुढच्या खोलीत बाकडं ठेवलं. बाकड्याच्या टोकाला जुनी टायरची ट्यूब फुगवून बसवली, तिच्यात सावळारामचं कपाळ. नाक मोकळं, तोंड जमिनीकडं. डोळ्यात गॅस असल्यामुळं त्याला नुसता झगमगता पारा हलताना दिसायचा. आजाऱ्याला बघायला जाणं हा आमच्याकडं धर्म आहे, त्यामुळं गाव लोटलं. अडचण एवढीच की बघायचं काय? लोक बिस्किटाचे पुडे आणि शहाळी घेऊन यायचे आणि समोर यायचं एका माणसाचं डोकं मागून. डोक्याशी बोलायचं कसं हे कुणाला सुधरेना. आक्का नावाची त्याची चुलत बहीण आल्या आल्या त्याची हनुवटी धरून वर करायला गेली. “तोंड तरी बघू दे रं.” राहीबाईनं तिचा हात वरच्या वर झेलला. मग लोक खाली वाकून बघायला लागले. वाकून पाठी दुखल्या तसं कुणीतरी बाकड्याखाली चटई टाकली. मग रीतच पडली. यायचं, चप्पल काढायची, चटईवर उताणं पडायचं, वर बघून विचारायचं, “कसं काय सावळाराम?” दाराशी पुढचा माणूस आपला नंबर यायची वाट बघत उभा. मीही पडलो. खालून सावळारामचा चेहरा पहिल्यांदाच पाहिला. गाल खाली लोंबलेले, कपाळ ट्यूबमुळं चपटं. चाळीस वर्षांत त्या माणसाच्या चेहऱ्याकडं कुणी बघितलंच नव्हतं. आम्ही त्याच्यासमोर बसायचो ते आरशात स्वतःला बघत.

आणि एक गंमत माझ्या ध्यानात यायला लागली. आक्कानं चटईवर पडल्या पडल्या सांगितलं की तिच्या मुलीच्या हळदीला याच महिन्यात नवरी फुकट रंगवून पाहिजे. वरून उत्तर आलं, “न्हाय जमनार.” आक्का चटईवर उठून बसली. राहीबाई स्वयंपाकघरातून चमचा हातात घेऊन बाहेर आली आणि बघून परत गेली.

हिरामण शेठ जत्रेच्या दिवशी दुपारी आले. पांढरा स्टार्चचा सदरा, मागं कुणाल, बाहेर गाडीचं दार उघडं. मी तिथंच होतो.

“सावल्या, झालं ते झालं. मी राग न्हाय धरला. गाडी आनली हाय. एसी लावलाय. तू मान खालीच ठेव, मी तुना तसाच उचलून नेतो. अर्ध्या तासाचं काम.”

बाकड्यावरचं डोकं ट्यूबमध्ये आणखी रुतलं.

“बरं, नको येऊस. खुर्ची इथं आनतो. दोन मिनटं मान वर कर. नुसती मिशी आनि डोल्याखालचं हे काळं. बाकीचं कुणाल पावडर लावील.”

“मान वर न्हाय करता येत, शेठ.”

शेठनी इकडं तिकडं पाहिलं. चटई दिसली. मग अध्यक्ष, आश्रयदाते आणि राजपुत्र, असे तिघेही एकदम त्या चटईवर उताणे पडले. सदऱ्याची इस्त्री मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. “घे. आता तुना मान हलवायची पन गरज न्हाय. ब्रश घे आनि वरून रंगव. तुजा हात हाय तो, त्याला डोले कशाला पाहिजेत?”

सावळारामच्या चेहऱ्याखाली हातभर अंतरावर शेठचा चेहरा होता, पोरासारखा वाट बघत असलेला. सावळारामला तो दिसला असता तर काय झालं असतं ते मला माहीत आहे. त्याला पारा दिसत होता.

“न्हाय,” तो म्हणाला.

“का न्हाय?”

“मना दिसत न्हाय. आनि दिसत आसतं तरी न्हाय. शेठ, पंचवीस वर्षांचा पोरगा तुमच्या तोंडावर बसत न्हाय. धा वर्षं मी जबरदस्तीनं बसवतोय. हसताना सफेद्याला भेगा पडतात म्हनून तुमाला हसू नका सांगतो, आनि लोक म्हनतात राजपुत्र घुमा हाय. तुमी बापाचं काम करा. बाप तुमच्या तोंडात तयार हाय. त्याला मना रंगबी लागनार न्हाय.”

शेठ खाली पडून ऐकत होते. उठून जायचं तर आधी कुशीवर वळावं लागलं असतं, आणि त्यात रुबाब राहत नाही. म्हणून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग कुणालनं हात दिला. जाताना ते राहीबाईला एवढंच म्हणाले, “डोक्यात पन गॅस गेला वाटतं याच्या.”

“डाक्टर म्हनाले डोल्यातच र्‍हातो,” ती म्हणाली.

जत्रेचा प्रयोग झाला. शेठनी धामणकर नाक्यावरच्या ब्युटी पार्लरमधून भाविकाला आणलं. तिचा हात चांगला आहे, तिला दोष देणार नाही. तिनं आयुष्यात फक्त नवऱ्या सजवलेल्या, तशीच तिनं नवरी सजवली. गुलाबी गाल, कोरलेल्या भुवया, पापण्यांवर चमकी. राजपुत्र तलवार उपसून आला तेव्हा मांडवाच्या मागच्या बाजूनं एक बाई मोठ्यानं म्हणाली, “पोरीचं लगीन कुठं ठरलंय गो?” शेठनी प्रवेश शेवटपर्यंत केला. त्यांच्या धीराला मी तेव्हाही मान दिला, आताही देतो. हसत्या प्रेक्षकांसमोर तलवार हातात धरून उभं राहणं सोपं नाही, मी उभा राहिलेला आहे.

गॅस विरायला दीड-दोन महिने गेले. पारा खाली खाली उतरत गेला, मग त्याचा थेंब झाला, मग थेंबही गेला. ठाण्याला तपासणीला मी सोबत होतो. राहीबाई खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती, हातात पिशवीचे बंद पिळत. डॉक्टरांनी यंत्रातलं चित्र बघितलं, पुन्हा एकदा बघितलं, आणि म्हणाले, “भोक बुजलंय.” मग सावळारामच्या समोर येऊन बसले. “माझ्याकडं बघा. नाक दिसतंय का?”

“दिसतंय.” तो जरा अडखळला. “पन वाकडं हाय.”

“किती?”

“डावीकडं थोडं.”

“ते वाकडंच आहे,” डॉक्टर म्हणाले. “शाळेत क्रिकेटचा बॉल लागला होता.”

राहीबाईनं पिशवीचे बंद सोडले आणि तोंडावर पदर घेतला. डॉक्टरांनी सांगितलं की पहिल्यासारखं सगळं येणार नाही, बारीक अक्षर जड जाईल, आणि आता याच डोळ्यात मोतीबिंदू होईल, तो वेळ आली की काढू. ही बातमी राहनाळला आमच्या आधी पोचली. तेलाच्या बाजूचे लोक म्हणायला लागले की तेल असतं तर याहून लवकर बुजलं असतं. गॅसच्या बाजूचे, म्हणजे अजीजभाई, मंडळात छाती काढून फिरू लागले. आणि मोतीबिंदू टाक्याचा की बिनटाक्याचा, यावर वाचन ठेवावं अशी सूचना मोरूनं मांडली. राहीबाईनं निरोप पाठवला की वाचन जरूर ठेवा, डोळा मात्र तुमचा तुम्ही आणा.

पुढच्या जत्रेला रंगपटात सावळाराम पुन्हा पेटी उघडून बसला होता. वास सुटला, माझी पाठ ताठ झाली. एकेक जण खुर्चीत बसत होता. मला जरा गोरा कर. “व्हईल.” माझ्या कानाचं काही करता येईल? “बगू या की.” लोकांचे चेहरे परत आले तसा त्याचा होकारही परत आला होता.

सगळ्यात शेवटी हिरामण शेठ आले. नाटकात राजपुत्र होता आणि त्याचा म्हातारा बापही होता, आणि कोण काय करणार हे अध्यक्षांनी अजून जाहीर केलं नव्हतं. दोन्ही पोशाख खुंटीला होते. शेठ खुर्चीत बसले. सावळारामनं त्यांच्याकडं पाहिलं, नीट, कपाळापासून हनुवटीपर्यंत, आणि त्याचा चेहरा हळूहळू मऊ व्हायला लागला. ओठ ‘व्हईल’ म्हणायला उघडलेच होते.

“आसं नको,” शेठ घाईनं म्हणाले. “माज्याकडं बगू नको. मान खाली घाल आनि सांग.”

सावळारामनं मान खाली घातली. जमिनीवर सांडलेल्या पिवडीकडं थोडा वेळ बघितलं.

“बाप,” तो म्हणाला.

शेठनी आरशात स्वतःकडं पाहिलं, गालावरून हात फिरवला, डोळ्याखालच्या पिशव्या बोटानं दाबून बघितल्या.

“बरं,” ते म्हणाले. “दाढी तरी अख्खी देशील ना?”